ओंगोलचा बैल, ब्राझीलचा खुराक आणि मद्रासचा तिपेडी रेणू

२०२५ च्या फेब्रुवारीत देशभरच्या वृत्तपत्रांत एका गायीची बातमी झळकली. तिचे नाव वियाटिना-१९, वजन ११०१ किलो, वास्तव्य ब्राझीलमध्ये. २०२३ साली तिथल्या एका लिलावात तिच्या मालकीचा फक्त एकतृतीयांश हिस्सा विकला गेला आणि त्या हिशेबाने तिची संपूर्ण किंमत ४० लाख डॉलरच्या वर ठरली. जगातील सर्वांत महाग गाय म्हणून गिनेसच्या पुस्तकात तिची नोंद झाली. आपल्याकडे बातमीला अभिमानाची झालर लागली, कारण ही गाय नेलोर जातीची, आणि नेलोर म्हणजे आपले ओंगोल. पांढरा शुभ्र रंग, उंच वशिंड, लोंबती गळपोळी हे सारे आंध्रच्या किनाऱ्यावरचेच. मात्र ही किंमत कशासाठी मोजली गेली, याविषयी बहुतेक बातम्यांनी मौन पाळले. ती किंमत दुधाची नव्हती. ब्राझीलमध्ये नेलोर ही मांसासाठी वाढवली जाणारी जात आहे. वियाटिनाचे भ्रूण ज्या कळपांत जातील, त्या कळपांचा शेवट शीतगृहात आणि तिथून परदेशी जाणाऱ्या जहाजांत होतो.

मद्रास इलाख्यातील नांगराचा आणि गाड्याचा बैल जगातील सर्वांत मोठ्या गोमांस उद्योगाचा पाया कसा झाला, ही हकिकत पशुप्रजननाची म्हणून अनेकदा सांगितली जाते. ती तितकीच खुराकाचीही आहे. शिवाय तिचा एक धागा चेन्नईतल्या एका भौतिकशास्त्र विभागात येऊन अडकतो, आणि तो सहसा कोणी उलगडत नाही.

आधी नावाविषयी. ओंगोल तालुका एकोणिसाव्या शतकात नेल्लोर जिल्ह्यात होता. १९०४ साली गुंटूर जिल्हा निघाला तेव्हा तो तिकडे गेला. १९७० मध्ये ओंगोल स्वतंत्र जिल्हा झाला आणि पुढे त्याला प्रकाशम हे नाव मिळाले. परदेशी खरेदीदार आले तेव्हा जिल्हा नेल्लोर होता, म्हणून पोर्तुगीज भाषेत ‘नेलोर’ रूढ झाले. ज्या सरहद्दी नकाशावर केव्हाच पुसल्या गेल्या, त्या जनावरांच्या वंशावळीत अशा टिकून राहिल्या.

मद्रास इलाख्यात या जनावराचे काम ठरलेले होते. काळ्या, चिकट जमिनीत खोल नांगरट करायची आणि जड गाडे ओढायचे. बॉसवेल यांनी १८७३ साली नेल्लोर जिल्ह्याचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या गुरांची दखल आहे. मद्रासमधील सर्जन जॉन शॉर्ट यांनी भारतीय गुरांवर लिहिलेल्या पुस्तकातही नेल्लोरच्या बैलाला मानाचे स्थान आहे. त्याचा आहार म्हणजे ज्वारीचा कडबा, कडधान्याचा हिरवा चारा, आणि कामाच्या दिवसांत सरकी व पेंड. आजच्या भाषेत सरकी आणि पेंड यांना पूरक आहार म्हणावे लागेल. चाऱ्यात जे कमी पडते ते भरून काढणे एवढाच त्यांचा हेतू असे, आणि त्यातून अपेक्षा असे ती ताकदीची. मांस कसे होईल हा प्रश्न त्या शेतकऱ्याच्या मनात येण्याचे कारण नव्हते.

पेंडीची गोष्ट मात्र तेव्हाही साधी नव्हती. ब्रिटिश कृषिरसायनज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर १८८९ ते १८९१ या काळात भारतात फिरले. त्यांचा अहवाल १८९३ साली प्रसिद्ध झाला. तेलबिया आणि हाडे देशाबाहेर जातात, म्हणजे जमिनीचे आणि गुरांचे पोषण जहाजात चढते, या मुद्द्याचा त्यात गंभीर विचार आहे. हाडांतला स्फुरद आणि पेंडीतले नत्र भारताच्या बंदरांतून निघून युरोपच्या शेतांत पोहोचत होते. त्याच काळात ओंगोलचे वळूही समुद्र ओलांडू लागले होते.

ब्राझीलमधील परंपरागत हकिकत १८६८ सालापासून सुरू होते. त्या वर्षी इंग्लंडकडे निघालेले एक जहाज साल्वादोर बंदरात थांबले आणि त्यावरची ओंगोलची जोडी तिथेच विकली गेली. १८७८ साली मानोएल लेमग्रुबर या जमीनदाराने हॅम्बुर्गच्या प्राणिसंग्रहालयात हे जनावर पाहून विकत घेतले. पुढे मिनास जेराइसमधील उबेराबा या गावच्या व्यापाऱ्यांनी थेट भारताची वाट धरली. मुंबईच्या बाजूने गीर आणि कांकरेज गेले, मद्रासच्या बाजूने ओंगोल. उष्णता सोसणारे, गोचीड झटकून टाकणारे, निकृष्ट गवतावर तगणारे जनावर त्यांना हवे होते. युरोपीय जाती तिथल्या उन्हात धापा टाकत असत.

या व्यापाराने जगाला एक संस्थाही दिली, अर्थात न ठरवता. १९२० साली भारतातून ब्राझीलकडे निघालेली वशिंडाची गुरे बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात काही काळ उतरवली गेली. त्यांच्याबरोबर बुळकांडी आली आणि बेल्जियमच्या गोठ्यांत शिरली. युरोप हादरला. त्यातून १९२४ साली २८ देशांनी पॅरिसमध्ये प्राण्यांच्या साथरोगांसाठी आंतरराष्ट्रीय कार्यालय स्थापन केले. आज ज्या जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या निकषांवर मांसाचा सीमापार व्यापार चालतो, तिचा उगम हा असा आहे. ब्राझीलने भारतीय गुरांची आयात बंद केली. पुढे थोडे दरवाजे उघडले, आणि १९६०च्या दशकाच्या आरंभी शेवटची मोठी तुकडी गेली. फर्नांडो दि नोरोन्हा या अटलांटिकमधील बेटावर तिला विलगीकरणात ठेवण्यात आले. ओंगोलजवळच्या करवदी गावावरून नाव पडलेला ‘कारवाडी’ हा वळू याच तुकडीतला. आजच्या असंख्य नेलोर वंशावळी त्याच्यापाशी जाऊन मिळतात. १९४८ ते १९५२ या काळात मद्रासच्या राज्यपालपदी असलेले भावनगरचे महाराज कृष्णकुमारसिंहजी यांच्या गोठ्यातील गीर गुरेही पुढे ब्राझीलला पोहोचली.

येथपर्यंतची कथा वंशाची झाली. आता खुराकाकडे वळू.

ब्राझीलच्या मध्य भागातील सेराडो हा विस्तीर्ण गवताळ प्रदेश दिसायला हिरवा, पण त्याची माती आम्ल आणि स्फुरदाच्या बाबतीत जवळजवळ भिकारी. अशा मातीत वाढलेल्या गवतातही स्फुरद नसतो. स्फुरद कमी पडलेले जनावर हाडे चघळू लागते. आपल्याकडेही माळावर हाडूक चघळत उभी राहिलेली गाय अनेकांनी पाहिली असेल. यातला धोका दक्षिण आफ्रिकेत अर्नोल्ड थायलर यांनी पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे उलगडला. गुरे अचानक लुळी पडून मरत होती. विष गवतात असेल असा समज होता, पण ते होते मेलेल्या जनावरांच्या सडक्या हाडांत. तिथे वाढलेल्या जिवाणूचे विष, म्हणजे बोट्युलिझम. गुरे हाडे चघळत होती ती स्फुरदाच्या भुकेपोटी. त्यांना हाडांची स्वच्छ भुकटी खाऊ घातली की रोगही थांबे आणि वजनही वाढे. पूरक आहाराच्या इतिहासातले हे फार सुंदर संशोधन आहे. इलाज शोधताना थायलर रोगाच्या मागे, थेट मातीपर्यंत गेले. सेराडोतही हेच घडले. मिठात स्फुरद, तांबे, कोबाल्ट, जस्त मिसळून ते कुरणातल्या लाकडी गव्हाणीत ठेवण्याची पद्धत रूढ झाली. मॅड काऊ रोगाच्या उद्रेकानंतर हाडांच्या भुकटीवर संक्रांत आली. ब्रिटनने १९८८ मध्ये रवंथ करणाऱ्या प्राण्यांचे अवशेष रवंथ करणाऱ्यांनाच खाऊ घालण्यावर बंदी आणली. तेव्हापासून स्फुरद खाणीतल्या खडकापासून बनवलेल्या डायकॅल्शियम फॉस्फेटमधून येतो.

मीठ दिले तरी कोरडा हंगाम उरतोच. सेराडोत सुमारे अर्धे वर्ष पाऊस नसतो. पावसाळ्यात बैल फुगे आणि कोरड्या हंगामात आटे, म्हणून ब्राझीलच्या गुराख्यांनी त्याला ‘अकॉर्डियन बैल’ असे नाव दिले. भाता उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो. असा बैल कत्तलीच्या वजनाला पोहोचेपर्यंत चार-पाच वर्षे सहज जात. त्यावरचा उपाय युरिया हा होता. शेतकऱ्याला ठाऊक असलेला युरिया खताच्या पोत्यातला, पण तो जनावरालाही मोजून देता येतो. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या कोठीपोटात अब्जावधी जिवाणू असतात. युरियाचा अमोनिया झाला की ते त्यापासून आपली प्रथिने बनवतात, वाळलेले गवत फोडतात, आणि पुढच्या कप्प्यात स्वतःच पचले जातात. म्हणजे वाळक्या गवतावर उभे राहिलेले जनावर खरे तर आपल्याच पोटातल्या जिवाणूंच्या शेतीवर जगते. युरिया त्या शेतीचे खत. मात्रा चुकली तर मात्र अमोनियाच्या विषबाधेने जनावर तासाभरात दगावू शकते. तो मिठात मिसळतात तो याचसाठी. मीठ खारट असल्याने जनावर बेताने चाटते.

आता मांसाच्या गुणवत्तेचा प्रश्न येतो, आणि त्यासाठी मद्रासला परतावे लागते.

१९५२ साली तिशीसुद्धा न गाठलेले जी. एन. रामचंद्रन मद्रास विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले. बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली तयार झालेले हे स्फटिकशास्त्रज्ञ. त्याच सुमारास ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल मद्रासला येऊन गेले. कोलाजेन या प्रथिनाच्या रचनेचे कोडे अजून कोणाला समाधानकारक सुटलेले नाही, असे त्यांच्याशी झालेल्या बोलण्यातून रामचंद्रन यांना कळले. कोलाजेन म्हणजे कातडी, कंडरा, हाडे आणि स्नायूंभोवतीची आवरणे ज्याची बनलेली असतात ते प्रथिन. १९४८ साली अड्यार येथे केंद्रीय चर्म संशोधन संस्था स्थापन झालेली होती, त्यामुळे कोलाजेनच्या अभ्यासाला या शहरात शेजार होता. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कर्ता यांनी कांगारूच्या शेपटीच्या कंडरेवर क्ष-किरण सोडून विवर्तनाचे नमुने मिळवले. त्यांतून १९५४ साली ‘नेचर’मध्ये रचना मांडली. तीन साखळ्या, आणि दर तिसऱ्या जागी ग्लायसीन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल, कारण तीन पेडांच्या मधोमध दुसरे काही मावतच नाही. १९५५ मध्ये या साखळ्यांना दोराप्रमाणे एकमेकींभोवती पीळ दिलेली सुधारित रचना आली. क्रिक आणि रिच यांनी तिच्यातील काही अणूंमधल्या अंतरांवर आक्षेप घेतला. ‘कोणते अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात’ हा प्रश्न रामचंद्रन यांनी मग मुळापासून तपासला. त्यातूनच १९६३ साली तो आलेख निघाला, जो जगभरचे जीवरसायनशास्त्राचे विद्यार्थी आज रामचंद्रन यांच्या नावाने शिकतात. नोबेल न मिळालेल्या भारतीय संशोधनांच्या यादीत हे काम नेहमी असते. त्या चर्चेत कांगारूची शेपटी येते, चेन्नईचा कातडी व्यवसाय येतो, मटणाचा तुकडा मात्र येत नाही.

तो यायला हवा. कारण मांस चिवट का लागते याचे एक मोठे उत्तर याच तिपेडी रेणूत आहे. जनावर लहान असताना कोलाजेनच्या शेजारशेजारच्या रेणूंना बांधणारे दुवे उष्णतेने सुटणारे असतात. मांस शिजवले की आधी ६०-६५ अंशांच्या आसपास कोलाजेन आक्रसते, मग पाण्यात आणि उष्णतेत त्याचे जिलेटीन होऊन ते विरघळते. वय वाढते तसे हे दुवे पक्के होत जातात आणि उष्णतेला दाद देईनासे होतात. स्नायूतले कोलाजेन फारसे वाढत नाही. त्याचे विरघळणे कमी होते. चर्मकार हेच काम मुद्दाम आणि वेगाने करतो. तरवडाच्या सालीने किंवा क्रोमच्या क्षारांनी तो रेणूंत नवे दुवे घालतो. कच्चे कातडे पासष्ट अंशांना आक्रसते, क्रोमने कमावलेले उकळत्या पाण्यालाही टिकते. म्हातारा बैल जिवंतपणीच आतून थोडाथोडा कमावला जात असतो, असे म्हटले तर अतिशयोक्ती थोडीच होईल.

यावरून खुराकाचा मांसावरचा सर्वांत मोठा परिणाम ध्यानात येतो, आणि तो लोकांच्या कल्पनेपेक्षा वेगळा आहे. गव्हाणीतले मीठ, युरिया, पेंड यांतले काही थेट मांसात उतरून त्याला मऊ करते असे नाही. खुराक वेळ वाचवतो. भाता मिटू न देता बैल सलग वाढला, तर चार-पाच वर्षांचे वजन अडीच वर्षांत मिळते आणि कोलाजेनचे दुवे पक्के होण्याआधी त्याचा प्रवास संपतो. शिवाय वेगाने वाढणाऱ्या स्नायूत नवे कोलाजेन भरत असल्याने जुन्याचे प्रमाण विरळ होते. नेलोरच्या मांसाचा दर्जा गेल्या काही दशकांत सुधारला त्यात निवड-प्रजननाचा वाटा आहेच, पण कोरड्या हंगामातल्या त्या खारट गव्हाणीचे श्रेय बहुधा कमी मोजले जाते.

दुसरा परिणाम चरबीचा आहे, आणि तो निव्वळ उष्णतेच्या भौतिकशास्त्राचा आहे. १९६३ साली न्यूझीलंडमध्ये लॉकर आणि हॅग्यार्ड यांनी एक विचित्र गोष्ट मोजली. ताज्या कापलेल्या जनावराचा स्नायू फार लवकर थंड केला, तर तो आकसतो आणि मग कितीही शिजवला तरी चिवट राहतो. पेशीत ऊर्जा शिल्लक असतानाच तापमान घसरले की कॅल्शियम सुटते, आणि मेलेला स्नायू जिवंतासारखा आकुंचन पावतो. शीतगृहांच्या युगाला मिळालेला हा धडा होता. आता नेलोर हे बारीक चरबीचे जनावर. ओंगोलच्या उन्हात कातडीखाली चरबीचा थर बाळगणे त्याला परवडणारे नव्हते. गवतावर वाढलेल्या नेलोरचे धड कत्तलीनंतर शीतकक्षात टांगले की अंगावर पांघरूण नसलेल्या माणसासारखे झपाट्याने गार होते. ब्राझीलच्या मांसउद्योगात म्हणूनच किमान ३ मिलिमीटर चरबीच्या थराचा निकष धरतात. शेवटच्या काही महिन्यांत मका, सोयाबीनची टरफले, सरकी असा ऊर्जेचा खुराक देतात तो बराचसा या तीन मिलिमीटरसाठी. ग्राहक त्या चरबीकडे चव म्हणून पाहतो, धडाला मात्र ती गोधडीसारखी उपयोगी पडते.

तिसरी अडचण वंशातच आहे. मांस टांगून मुरू दिले की स्नायूतील कॅल्पेन नावाचे विकर त्याचे तंतू हळूहळू तोडते. वशिंडाच्या जातींत या विकराला आवरणारे कॅल्पास्टॅटिन जास्त असते, हे अमेरिकेतील नेब्रास्का राज्यातील क्ले सेंटर येथील संशोधन केंद्राने १९९०च्या सुमारास दाखवले. कॅल्पेन चालते कॅल्शियमवर. मग कत्तलीच्या आधी आठवडाभर ड जीवनसत्त्वाची प्रचंड मात्रा देऊन स्नायूतले कॅल्शियम वाढवावे, अशी कल्पना अमेरिकेत पुढे आली. दिवसाला दशलक्षावधी युनिटांची ही मात्रा. काही प्रयोगांत मांस मऊ झाले, काहींत नाही, पण जनावरांची भूक मात्र मेली आणि यकृतात जीवनसत्त्वाचा साठा राहिला. युक्ती चतुर होती, गोठ्यात टिकली नाही. ई जीवनसत्त्वाचे तसे नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठात १९८०च्या दशकाअखेर दिसले की दाण्यावर वाढवलेल्या जनावराला काही महिने दररोज जास्तीचे ई दिले, तर दुकानात मांडलेल्या मांसाचा लाल रंग अधिक दिवस टिकतो. मांसाचा रंग म्हणजे मायोग्लोबिनमधल्या लोहाची अवस्था. लोहाचा एक इलेक्ट्रॉन गेला की लाल तुकडा तपकिरी पडतो आणि ग्राहक पुढे सरकतो. ई हा ऱ्हास लांबवते. हिरव्या गवतावर चरणाऱ्या नेलोरला हे जीवनसत्त्व गवतातूनच पुरेसे मिळते, हा भाग जाहिरातीत येत नाही.

चौथ्या प्रकारचे पूरक पदार्थ वाढीचा वेग थेट बदलणारे. १९५४ पासून अमेरिकेत गुरांना डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे कृत्रिम संप्रेरक खाऊ घातले जाई. माणसांतील कर्करोगाशी त्याचा संबंध उघड झाल्यावर १९७९ मध्ये ते बंद झाले. १९७०च्या दशकात आलेले मोनेन्सिन कोठीपोटातल्या जिवाणूंचा समतोल बदलून कमी चाऱ्यात तेवढेच वजन देते, मांसावर त्याचा परिणाम नगण्य. युरोपीय संघाने वाढीसाठीचा त्याचा वापर २००६ पासून थांबवला. झिल्पॅटेरॉलने स्नायू भरघोस वाढले, पण मांस चिवट झाले. जनावरे चालताना लंगडतात अशा तक्रारींनंतर २०१३ साली अमेरिकेत त्याची विक्री उत्पादकानेच थांबवली. वजन आणि गुणवत्ता एकाच दिशेने जातात, या भाबड्या समजाला दिलेले हे उत्तर होते.

आज ब्राझीलच्या गोठ्यावर सर्वांत जास्त हुकूम चालतो तो चिनी आयातदाराचा. चीनला जाणारे ब्राझीलचे मांस तीस महिन्यांपेक्षा कमी वयाच्या जनावराचे असावे लागते. अट आली मॅड काऊच्या भीतीतून, पण तिचा परिणाम मऊपणावर झाला. तीस महिन्यांत वजन पुरे करायचे तर कोरड्या हंगामात गव्हाण रिकामी ठेवून चालत नाही.

इकडे तामिळनाडूतही वयाची अट आहे, पण उलट्या बाजूने. १९५८च्या तामिळनाडू पशुसंरक्षण कायद्यानुसार कत्तलीसाठी प्रमाणपत्र लागते. जनावर दहा वर्षांहून अधिक वयाचे आणि काम व पैदाशीला निरुपयोगी असावे, किंवा इजा, व्यंग अथवा असाध्य रोगाने कायमचे निकामी झालेले असावे. १९७६च्या सरकारी आदेशाने गायी आणि कालवडींची कत्तल कत्तलखान्यांतून पूर्णपणे बंद झाली. म्हणजे पेरांबूरच्या जुन्या कत्तलखान्यात कायद्याने जे मांस निघते, ते आयुष्यभर नांगर किंवा गाडा ओढलेल्या बैलाचे वा भाकड म्हशीचे. त्याचे कोलाजेन पुरते पक्के झालेले. दहा वर्षांच्या बैलाला शेवटचे तीन महिने उत्तम पेंड घातली तर अंगावर चरबी चढेल, पण रेणूंमधले ते दुवे सुटणार नाहीत. खुराकाने मांसाची गुणवत्ता सुधारण्याचे जे मुख्य साधन, म्हणजे वय, तेच कायद्याने बाजूला काढून ठेवले आहे. गोवंशाच्या प्रश्नावर कोणाचे मत काहीही असो, ही वस्तुस्थिती त्या मतावर अवलंबून नाही. महाराष्ट्राने २०१५ पासून बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आणली, त्यामुळे तिथे प्रश्न फक्त म्हशी-रेड्यांपुरता उरला.

कायदा आणि गरिबी यांनी जे मांस हाती दिले, त्यातून मार्ग काढला तो स्वयंपाकघराने. चेन्नईत मांस सकाळी कापले जाते आणि बरेचसे शीतकक्ष न पाहताच दुपारपर्यंत विकले जाते, त्यामुळे लॉकर-हॅग्यार्ड यांचा आकसलेला स्नायू इथे सहसा आढळत नाही. मुरवणेही अर्थात होत नाही. उरतो तो कोलाजेनचा प्रश्न, आणि त्याला उत्तर म्हणून चिंच, दही, मंद आच आणि वेळ. मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांत मांसाच्या पातळ पट्ट्या कापून उन्हात वाळवायची आणि त्या चान्या वर्षभर वापरायची रीत होती. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात या खाद्यसंस्कृतीची सविस्तर नोंद केली आहे. ज्यांच्या वाट्याला मेलेले किंवा थकलेले जनावरच येत असे, त्यांनी चिवट तंतूंवर शोधलेला हा उपाय मांसशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात शोभावा असा आहे. धारेच्या बाजूने नव्हे, आडवे आणि पातळ कापले की दातांना तोडायला लांब तंतू उरतच नाहीत.

चेन्नईतील वेपेरी भागात १९०३ साली सुरू झालेले मद्रास पशुवैद्यक महाविद्यालय आजही उभे आहे. १९८९ साली स्थापन झालेल्या तामिळनाडू पशुवैद्यक व पशुविज्ञान विद्यापीठाचा ते भाग झाले. देशातले हे पहिले पशुवैद्यक विद्यापीठ. तिथे मांसविज्ञानाचा विभाग आहे, पशुपोषणाचाही आहे. विद्यापीठाचे क्षारमिश्रण शेतकऱ्यांना विकत मिळते. पण ते ज्या गव्हाणीत पडते ती दुभत्या संकरित गायीची, कारण हिशेब दुधाचा आहे. तिच्या पोटी जन्मलेल्या गोऱ्ह्याला ना नांगर आहे, ना वशिंड, ना दहा वर्षांपर्यंत पोसण्याचे कोणाला कारण. त्याच्यासाठी खुराकाची कोणतीही शिफारस छापली तरी ती वाचणार कोण?

आणि ओंगोल? ट्रॅक्टर आल्यावर प्रकाशम आणि गुंटूरच्या शेतांत या बैलाचे काम संपत गेले. उरलेली देखणी जनावरे संक्रांतीच्या सुमारास दगड ओढण्याच्या शर्यतींत दिसतात, आणि त्यांच्या मालकांचा खुराकावरचा खर्च ऐकून ब्राझीलचा पशुपालकही चकित व्हावा. २०१२ साली वशिंडाच्या गुरांचा पहिला जनुकसंच जुळवून प्रसिद्ध झाला. जनावर नेलोर होते आणि काम ब्राझीलमधले.